हाली धांवा आणि कलदार धांवा

आमच्या बीड जिल्ह्यांत ज्या घरांतून जुने जमाखर्च अजून फडक्यांत बांधून ठेवलेले आहेत, त्या घरांतील मंडळींना एक गोष्ट ठाऊक असेल. निजामी अमदानींत या भागांत दोन प्रकारचे रुपये ओळखीचे होते. एक हैदराबाद सरकारचा हाली शिक्का, दुसरा इंग्रजी मुलखांतला कलदार. नांव दोहोंचें रुपयाच. परंतु हाली रुपया कलदारापेक्षां मोलानें उतरता. नगरच्या बाजारांत जनावर विकून परतणारा शेतकरी गांठीस कलदार बांधून येई आणि सरकारचा सारा भरी तो हालींत. म्हणून वहींत रकमेपुढें ‘हाली’ कीं ‘कलदार’ हें लिहिलेलें असे, आणि दोहोंची बेरीज करण्यापूर्वीं बट्टा काढावा लागे. माझे आजोबा फार शिकलेले नव्हते. तथापि शंभर हाली आणि शंभर कलदार मिळून दोनशें रुपये झाले, असें कोणी त्यांना सांगितलें असतें तर त्या माणसास त्यांनीं पुन्हां ओसरीवर बसूं दिलें नसतें.

हें आज आठवण्याचें कारण दूरचित्रवाणीवरील क्रीडाप्रक्षेपणें. सामना चालू असतो. एक षटक संपून दुसरें सुरू होण्यापूर्वीं जें अर्धें मिनिट मिळतें, तेवढ्यांत पडद्यावर एक झगझगीत पाटी येते. डावीकडे एका खेळाडूचें छायाचित्र, उजवीकडे दुसऱ्याचें. एक चाळीस वर्षांपूर्वींचा, एक आजचा. खालीं सामने, डाव, धांवा, सरासरी, शतकें आणि शंभर चेंडूंमागें धांवा असे रकाने. ज्या रकान्यांत ज्याचा आंकडा मोठा, तो रकाना त्याच्या बाजूस उजळलेला. समालोचक महाशय ‘आंकडे खोटें बोलत नाहींत’ एवढें म्हणून मोकळे होतात, आणि तोंपर्यंत गोलंदाज धांवत सुटलेला असतो. प्रेक्षकास विचार करावयास सवड मिळूं नये, अशीच ही योजना आहे कीं काय, अशी शंका येते.

मी गेलीं तीस वर्षें अर्थशास्त्र शिकवीत आहें. १९६० सालची मजुरी आणि आजची मजुरी शेजारीं शेजारीं लिहून ‘मजूर अमुक पट श्रीमंत झाला’ असें उत्तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानें लिहिलें, तर त्यास मी गुण देत नाहीं. भावांचा निर्देशांक लावल्यावांचून असें विधान करूं नये, हें आम्ही त्याला पहिल्या सहामाहींतच सांगतों. तीच चूक तोच विद्यार्थी संध्याकाळीं पडद्यावर पाहतो, आणि तेथें मात्र ती चूक नसून शास्त्र असतें! गेल्या वर्षीं माझ्या वर्गांतील एका हुशार मुलानें मला विचारलें, “सर, गावसकरांचा एकदिवशीय सामन्यांतला स्ट्राइक रेट बासष्ट आहे. आज त्यांना जिल्ह्याच्या संघांत तरी घेतलें असतें का?” मुलगा उद्धट नव्हता. त्याला खरोखरच तसें वाटत होतें. पडद्यानें त्याच्या हातीं एक आंकडा दिला होता, आणि त्या आंकड्यानें सुनील गावसकर यांस जिल्ह्याच्या संघाबाहेर बसविलें होतें. हा लेख मी त्या मुलासाठीं लिहीत आहें असें म्हटलें तरी चालेल. परंतु दोष त्याचा नव्हे.

बासष्टाचेंच प्रथम पाहूं. ७ जून १९७५ रोजीं लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशीं गावसकर साठ षटकें खेळून १७४ चेंडूंत ३६ धांवांवर नाबाद राहिले. इंग्लंडच्या ३३४ धांवांस भारताचें उत्तर ३ बाद १३२ एवढेंच झालें. त्या खेळीचें समर्थन मी करणार नाहीं. त्या दिवशींच्या प्रेक्षकांनींही तें केलें नव्हतें. परंतु तो भारताचा तिसराच एकदिवशीय सामना होता, हें पाटीवर येत नाहीं. डाव साठ षटकांचा होता, हें येत नाहीं. या प्रकारास खेळ म्हणावें कीं करमणूक, याचाच तेव्हां निकाल लागलेला नव्हता. त्याच गावसकरांनीं ३१ ऑक्टोबर १९८७ रोजीं आपल्या नागपुरांत न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ धांवा काढल्या. गटांत पहिलें येण्यासाठीं धांवांची गति वाढविणें अवश्य होतें, आणि भारतानें २२२ चें लक्ष्य ३२.१ षटकांत गांठलें. मनुष्य तोच, बारा वर्षांत खेळाचें चलन बदललें होतें. ‘बासष्ट’ या एका आंकड्यांत लॉर्ड्स आणि नागपूर ही दोन्ही गांवें एका पोत्यांत कोंबलेलीं आहेत.

कसोटी सामन्यांत तर ‘शंभर चेंडूंमागें धांवा’ हा रकाना जुन्या खेळाडूंस लावणें हाच अन्याय. जुन्या कित्येक डावांत फलंदाजानें किती चेंडू खेळले याची नोंदच झालेली नाहीं. धांवा आणि मिनिटें यांची झाली आहे. ज्या गोष्टीची नोंद ठेवावी असें त्या काळास वाटलें नाहीं, तिच्यावरून त्या काळच्या माणसाची परीक्षा करावयाची! उलट ज्याची परीक्षा झाली तें पाटीवर नाहीं. गावसकरांच्या चौतीस कसोटी शतकांपैकीं तेरा वेस्ट इंडीजविरुद्ध आहेत. एका षटकांत उसळते चेंडू किती टाकावेत यावर संख्येची मर्यादा १९९१ सालीं आली. तोंवर गावसकर निवृत्त होऊन चार वर्षें होत आलीं होतीं. शिरस्त्राणाचा प्रसार त्यांच्या कारकीर्दीच्या मध्यावर झाला, आणि त्यांनीं तें कधीं नीट वापरलेंच नाहीं. हे सर्व बट्टे आहेत. ते काढल्यावांचून १९७६ ची धांव आणि २०२४ ची धांव एका ओळींत मांडणें, म्हणजे हाली आणि कलदार एका थैलींत टाकून मोजणें होय.

येथें कोणी म्हणेल, प्रोफेसरांना जुन्या काळाची ओढ आहे, एवढेंच. तर मग उलट बाजूही पाहावी. कारण बट्टा दोन्हीकडून निघतो आणि जुन्यांच्या भक्तांना हें ऐकावयास आवडत नाहीं.

डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर यांनीं नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धांवांवर आला होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धांवा झाल्या होत्या. तेव्हां काठेवाडच्या कर्णधारानें, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनीं, पुढें खेळण्याचें नाकारलें आणि सामना सोडून दिला. निंबाळकर जन्मांत एकही कसोटी सामना खेळले नाहींत. ही हकीकत सांगतांना आम्हां मराठी माणसांचा कंठ दाटून येतो, आणि तो यावा. परंतु त्याच हंगामांत, मार्च १९४९ मध्यें, पुण्यांतच मुंबई व महाराष्ट्र यांचा सामना झाला, त्यांत दोन्ही संघांच्या मिळून २३७६ धांवा झाल्या. मुंबईच्या पहिल्या डावांत ६५१, दुसऱ्यांत ८ बाद ७१४. महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. शतकें एकंदर नऊ! त्या हंगामांत पुण्याच्या बाजारांत धांव स्वस्त होती, हें कबूल करण्यांत निंबाळकरांचा अपमान नाहीं. अपमान आहे तो त्यांना केवळ ४४३ या आंकड्यावर टांगून ठेवण्यांत. विजय मर्चंट यांची रणजी करंडकांतील ९८.७५ ही सरासरी पाहून जे तोंडांत बोट घालतात, त्यांनींही त्या वेळच्या खेळपट्ट्या पाहाव्यात. आणि मग त्याच मर्चंटांचा कसोटींतला हिशेब पाहावा: अठरा वर्षांत दहा सामने, ८५९ धांवा. पडद्याच्या पाटीवर हा मनुष्य किरकोळ दिसतो. कारण ऑगस्ट १९३६ ते जून १९४६ या दहा वर्षांत भारतास एकही कसोटी सामना मिळाला नाहीं. त्यांपैकीं बहुतेक वर्षें जग युद्धांत गुंतलें होतें. चोविसाव्या वर्षापासून चौतिसाव्या वर्षापर्यंतचा फलंदाज त्या रकान्यांतून नाहींसाच झाला आहे. मध्यंतरानंतर १९५१ सालीं दिल्लीस अखेरचा सामना खेळतांना त्यानें १५४ धांवा काढल्या, यावरून काय गेलें याची थोडी कल्पना येते.

म्हणजे रणजींतला मर्चंट पाटीवर आहे त्याहून मोठा दिसतो, कसोटींतला आहे त्याहून लहान दिसतो. आणि मनुष्य एकच.

एकदिवशीय शतकांचा वाद तर ताजा आहे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजीं वानखेडे मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध विराट कोहली यांनीं पन्नासावें शतक काढलें आणि सचिन तेंडुलकर यांचा एकोणपन्नासांचा विक्रम मागें पडला. तेंडुलकरांचीं ४९ शतकें ४५२ डावांतलीं. कोहलींचें पन्नासावें २७९ व्या डावांत आलें. ४५२ आणि २७९ हे दोन आंकडे त्यानंतर किती वेळां पडद्यावर आले असतील याची गणति नाहीं. परंतु ऑक्टोबर २०११ पासून एकदिवशीय डावांत दोन टोकांकडून दोन नवे चेंडू वापरूं लागले, म्हणजे पन्नासावें षटक टाकतांनाही चेंडू पंचवीस षटकांपेक्षां जुना नसे. जुन्या चेंडूची जी उलटी वळण घेण्याची कला वकार युनूस यांच्यासारख्यांनीं फलंदाजांवर चालविली, तिचें दुकानच बंद झालें. २०१२ च्या अखेरीपासून वर्तुळाबाहेर पांचांऐवजीं चारच क्षेत्ररक्षक ठेवतां येऊं लागले. तेंडुलकरांचा अखेरचा एकदिवशीय सामना मार्च २०१२ मधला. दोन टांकसाळींची सीमा जवळ जवळ तेथेंच पडते! आणि २०२५ सालीं नियम करणाऱ्यांनाच तें खटकलें. चौतिसाव्या षटकानंतर एकाच चेंडूनें खेळावें असें त्यांनीं पुन्हां ठरविलें. ज्यांनीं नाणें पाडलें त्यांनींच तें हलकें असल्याचें मान्य केल्यावर पाटी लिहिणाऱ्यांनीं तरी तें कलदार म्हणून कां खपवावें?

त्यांतही तेंडुलकर पहिलीं चार वर्षें मधल्या फळींत खेळले. सलामीस प्रथम आले तें २७ मार्च १९९४ रोजीं ऑकलंडला, आणि पहिलें शतक लागलें तें एकोणऐंशीव्या सामन्यांत. हे सर्व डाव ४५२ मध्यें मोजलेले आहेत. उलट कोहलींच्या बाजूनेंही बोलतां येईल. आजच्या फलंदाजाचा प्रत्येक दोष चित्रफितींवरून शोधून काढून प्रतिपक्षाच्या हातीं दिलेला असतो, आणि कोहलींचीं पुष्कळ शतकें दुसऱ्या डावांत, लक्ष्य डोळ्यांपुढें ठेवून काढलेलीं आहेत. दोघांपैकीं थोर कोण, हा माझा प्रश्नच नाहीं. शतक पुरें झाल्यावर मैदानांतून वर बसलेल्या तेंडुलकरांस कोहलींनीं वांकून नमस्कार केला. पाटी लिहिणाऱ्यास जें कळलें नाहीं तें फलंदाजास कळलें होतें.

मग काय, आंकडे टाकून द्यावयाचे? मुळींच नाहीं. आंकडे टाकून केवळ आठवणींवर निवाडा करूं लागलों, तर ज्याचा आवाज मोठा त्याचा खेळाडू मोठा, अशी स्थिति होईल. म्हातारे मंडळी चहाच्या दुकानांत जें करितात त्यास तुलना म्हणत नाहींत. परंतु कांहीं आंकडे काळाबरोबर कमी झिजतात, ते निवडावे. जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेड येथें विजय हजारे यांनीं दोन डावांत ११६ आणि १४५ धांवा केल्या. १४५ हा आंकडा आज फारसा कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीं. परंतु त्या डावांत सगळ्या भारताच्या धांवा २७७ होत्या, सहा जण शून्यावर बाद झाले होते, आणि समोर लिंडवॉल होता. त्यानें ३८ धांवांत सात बळी घेतले. म्हणजे निम्म्याहून अधिक धांवा एका माणसाच्या. त्याच्याही आधीं, १९४३ च्या पंचरंगी सामन्यांत, हिंदूंविरुद्ध ‘शेष’ संघाच्या ३८७ धांवांपैकीं ३०९ हजाऱ्यांच्या होत्या, शेंकडा ऐंशीच्या जवळ. संघ डावानें हरला तो हरलाच. खेळपट्टी कशीही असो, षटक कितीही चेंडूंचें असो, आपल्याच सोबत्यांच्या मानानें मनुष्य किती उंच उभा होता हें या हिशेबांत दिसतें. जातां जातां सांगण्यासारखें म्हणजे, ॲडलेडच्या त्या सामन्यांत षटक आठ चेंडूंचें होतें. आठ चेंडूंचें षटक! शब्दांतच सहा आहेत आणि वस्तूंत आठ. आमच्याकडे ऊसतोडीच्या हिशेबांत ‘कोयता’ म्हणजे एक मजूर नव्हे, नवरा-बायकोची जोडी, हें ज्याला ठाऊक नाहीं तो मजुरांची संख्या निम्मीच सांगेल. मापाचें नांव वाचून माप कळत नाहीं, तें असें.

बीडच्याच सचिन धसचें उदाहरण घेतों. वडिलांनीं मुलाचें नांव तेंडुलकरांवरून ठेवलें, हें आतां सर्वांना ठाऊक आहे. आणि नांव ठेवणें ही आशा असते, तुलना नव्हे. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत बेनोनी येथें एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यांत त्यानें ९६ धांवा केल्या. शतकांच्या रकान्यांत या खेळीचें मोल शून्य. परंतु २४५ धांवांचें लक्ष्य असतां भारताचे ३२ धांवांत चार गडी गेले होते, त्या वेळीं तो खेळावयास आला, उदय सहारण याच्याबरोबर १७१ धांवांची भागी केली, आणि भारत दोन गडी राखून जिंकला. ज्या पाटीवर शतक म्हणजे एक आणि शहाण्णव म्हणजे कांहीं नाहीं, ती पाटी आमच्या मुलांना खेळाबद्दल काय शिकविणार?

आणि ज्यांच्या वांट्यास रकानेच आले नाहींत, त्यांचें काय? पुण्यास संस्कृत शिकविणारे प्रो. दि. ब. देवधर यांनीं १९२६ सालीं एम. सी. सी. विरुद्ध १४८ धांवा केल्या. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ सालीं, तेव्हां त्यांनीं चाळिशी गांठली होती. १९४० सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, मुंबईविरुद्ध त्यांनीं २४६ धांवा काढल्या आणि महाराष्ट्रास लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक मिळवून दिला. कसोटी सामने: शून्य. त्यांच्याही आधींचे पाळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबांत ते नेटमध्यें गोलंदाजी करीत. पुढें हिंदूंच्या संघांत त्यांना घेतलें तें त्यांच्यावांचून जिंकतां येईना म्हणून. मैदानावर ते जो चेंडू हातांत घेत तोच इतरही घेत. परंतु चहाच्या वेळीं त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत. कर्णधारपद तर त्यांना कधींच दिलें नाहीं. या परिस्थितीस बट्टा किती टक्के लावावा, हें मला सांगतां येत नाहीं आणि तसा हिशेब मांडूंही नये. परंतु ‘भारताचे सर्वश्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज’ अशी यादी पडद्यावर येते, ती १९३२ नंतरच सुरू होते आणि यादीवर तसें लिहिलेलें नसतें, तेव्हां मात्र मी त्यास अज्ञान म्हणत नाहीं. त्यास खोटी साक्ष म्हणतों.

क्रिकेटांत परिस्थितीचा गुंता असतो, असें म्हणून कोणी घड्याळाकडे बोट दाखवील. घड्याळास खेळपट्टी नाहीं, पंच नाहीं. सेकंद हा सर्वत्र सेकंदच. बीडकरांस हा युक्तिवाद विशेष गोड वाटतो, कारण घड्याळानें आमच्या आष्टी तालुक्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळे यांस मोठें केलें आहे. तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत, जिला स्टीपलचेस म्हणतात, गोपाळ सैनी यांनीं १९८१ सालीं टोकियोंत ८ मिनिटें ३०.८८ सेकंद असा भारतीय विक्रम केला. तो सदतीस वर्षें टिकला. २०१८ मध्यें भुवनेश्वर येथें साबळे यांनीं तो मोडला आणि नंतर आपलाच विक्रम पुन्हां पुन्हां मोडीत ७ जुलै २०२४ रोजीं पॅरिसमध्यें ८ मिनिटें ९.९१ सेकंदांपर्यंत खालीं आणला. पाटी सांगते: एकवीस सेकंदांची प्रगति.

आतां बट्टा काढून पाहूं. १९८१ सालीं जगाचा विक्रम केनियाच्या हेन्री रोनो याचा, ८ मिनिटें ५.४ सेकंद. म्हणजे सैनी जगाच्या अग्रापासून साडेपंचवीस सेकंद मागें. २०२४ सालीं विक्रम इथियोपियाच्या लामेचा गिर्मा याचा, ७ मिनिटें ५२.११ सेकंद. म्हणजे साबळे १७.८ सेकंद मागें. एकवीस सेकंदांतले तेरा-सव्वातेरा सेकंद सर्व जगाचे आहेत. आमचे उरतात साडेसाताहून थोडे अधिक. हें मापही ढोबळच, कारण जगाचा अग्र म्हणजे एकच मनुष्य. तरी तें पाटीपेक्षां खरें आहे. मधल्या काळांत बुटांचे तळवे असे झाले कीं २०२० सालीं जागतिक संघटनेस त्यांच्या जाडीवर मर्यादा घालावी लागली. धांवण्याच्या मार्गाच्या कडेनें दिवे पेटत जाऊन वेग दाखवूं लागले. साबळे यांस अमेरिकेंत कोलोरॅडोच्या उंचावरच्या प्रदेशांत सराव करावयास मिळाला. तो मिळावा हें योग्यच होतें, आणि सैनींना मिळाला नाहीं हेंही लिहून ठेवावें.

या हिशेबानें साबळे लहान होतात, असें ज्याला वाटेल त्यानें पुढचें वाचावें. पॅरिसमधल्या त्या ८ मिनिटें ९.९१ च्या शर्यतींत ते सहावे आले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेंत २०२३ सालीं त्यांना ८ मिनिटें १९.५० सेकंद लागले, जवळ जवळ दहा सेकंद अधिक, आणि सुवर्णपदक मिळालें. घड्याळ म्हणतें पॅरिस मोठें. इतिहास काय म्हणेल? आणि सर्वांत मोठी शर्यत मला विचाराल तर २०२२ सालची बर्मिंगहॅमची. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा वेळां या शर्यतीचीं तिन्ही पदकें केनियाच्याच धांवपटूंनीं नेलीं होतीं. बर्मिंगहॅमला साबळे ८ मिनिटें ११.२० सेकंदांत दुसरे आले. पहिला केनियाचा अब्राहम किबिवॉट, फक्त पांच शतांश सेकंद पुढें. रोज सहा किलोमीटर वाट तुडवीत शाळेंत जाणारा, पुढें महार रेजिमेंटमध्यें शिपाई होऊन सियाचीनच्या बर्फांत राहिलेला मांडव्याचा मुलगा केनियाच्या तटबंदींतून आंत शिरला. एकवीस सेकंदांच्या फुगवट्याची त्याला गरज काय? तो फुगवटा सैनींना लहान करितो आणि साबळ्यांना कांहींच देत नाहीं. देतो तो फक्त क्रीडाखात्यांना आणि संघटनांना. त्यांना ‘प्रगति झाली’ असें म्हणावयास मिळतें, आणि सदतीस वर्षें एक विक्रम कां मोडला नाहीं, या काळांत आम्ही किती मार्ग बांधले, किती शिक्षक नेमले, हा अवघड प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

प्रक्षेपण करणारी मंडळी हें अजाणतां करितात असें मानण्याइतका मी भोळा नाहीं. त्यांच्यापाशीं उत्तम गणिती आहेत, संगणक आहेत, सर्व जुनीं गुणपत्रकें आहेत. बट्टा काढणें त्यांना माझ्याहून सोपें आहे. परंतु बट्टा काढला कीं भांडण मिटतें, आणि भांडण मिटलें कीं प्रेक्षक उठून जेवावयास जातो. दोन पिढ्यांच्या चाहत्यांना एकमेकांच्या अंगावर घालणें हा फुकटचा खेळ आहे. त्यास मैदान लागत नाहीं, खेळाडूस मानधन द्यावें लागत नाहीं, पावसानें तो थांबत नाहीं.

त्यांना माझी मागणी फार मोठी नाहीं. दोन काळांतील दोन माणसें शेजारीं ठेवावयाचीं असतील तर प्रत्येक आंकड्याखालीं त्या वर्षीं त्याच प्रकारांत इतरांची सरासरी काय होती तें द्यावें. षटक किती चेंडूंचें, डाव किती षटकांचा, चेंडू एक कीं दोन, हें एका ओळींत द्यावें. नोंदच नसेल तेथें ‘नोंद नाहीं’ असें छापावें, शून्य छापूं नये. यादी १९३२ पासून सुरू होत असेल तर मथळ्यांतच तसें म्हणावें. एवढा मजकूर पाटीवर मावत नाहीं, असें उत्तर येईल हें मला ठाऊक आहे. पाटीच्या चारही कडांनीं गुटख्याच्या नांवाची वेलची आणि पैशांच्या पैजांचीं जीं दुकानें इतकीं वर्षें सुखानें मावत आलीं, त्यांपैकीं एकाची जागा त्यांनीं मोकळी करावी.